दिवाळीआधी जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका

विषय: सणापूर्वीचे रंगकाम आणि जुन्या रंगातील शिसे

महोदय,

गणपती उठले की रंगाऱ्यांचे फोन लागेनासे होतात. दसरा ते धनत्रयोदशी हा त्यांचा सुगीचा काळ. चाळ असो, वाडा असो, सरकारी वसाहत असो की चाळीस वर्षांची सोसायटी, काम एकाच पद्धतीने सुरू होते. दारे, खिडक्या, ग्रिल आणि जिन्याचे कठडे आधी 'घासून घेतात'. पत्रीने पोपडे काढायचे, कोरडा पॉलिश पेपर मारायचा, हट्टी थर असेल तर ब्लोलॅम्प लावायचा आणि शेवटी केरसुणीने सगळे एका कोपऱ्यात लोटायचे. त्या ढिगातली पांढुरकी धूळ दोन दिवस घरभर बसत राहते. जुन्या ऑइल पेंटच्या बाबतीत या धुळीत शिसे असण्याची शक्यता इतकी मोठी आहे, की तपासेपर्यंत ते आहेच असे धरून चालावे. इमारत दुरुस्ती आणि रंगकामाच्या क्षेत्रातील आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत ते काम थांबवा असे सांगायला नाही, तर ते कसे करावे हे सांगायला.

आधी कायद्याविषयी, कारण 'आता रंगात शिसे नसतेच' असे दुकानदार हमखास सांगतो. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाबाबतचे केंद्र सरकारचे नियम १ नोव्हेंबर २०१६ रोजी अधिसूचित झाले आणि वर्षभराने अमलात आले. मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे सुकलेल्या रंगाच्या वजनाच्या ०.००९ टक्के. नियम चांगला आहे, जगातल्या कडक नियमांच्या बरोबरीचा आहे. पण तो दुकानातल्या डब्याला लागू आहे. १९६० साली, १९८५ साली किंवा अगदी २०१० साली दारावर बसलेल्या थराविषयी त्यात काही नाही. जुन्या इमारतीत असे पाच-सात थर एकावर एक असतात आणि वरचा थर कितीही निर्धोक असला तरी घासताना खालचेही निघतात.

अमेरिकेने घरगुती रंगातील शिशावर १९७८ मध्ये बंदी घातली. तरी १९७८ पूर्वीच्या घरांत काम करणाऱ्या कंत्राटदारांसाठी प्रशिक्षण आणि कामाची पद्धत सक्तीची करणारा नियम २०१० मध्ये लागू करावा लागला. बंदीनंतर बत्तीस वर्षांनी! आपली बंदी तर कालपरवाची.

एक साधे गणित करू. एखाद्या जुन्या पिवळ्या किंवा हिरव्या एनॅमलमध्ये एक टक्का, म्हणजे १०,००० पीपीएम शिसे आहे असे धरा. शिसे मुद्दाम घातलेल्या रंगात इतके असणे नवलाचे नाही. अशा रंगाची एक मिलिग्रॅम धूळ म्हणजे मिठाच्या काही कणांएवढी. तिच्यात १० मायक्रोग्रॅम शिसे असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मुलांसाठी अन्नातून जाणाऱ्या शिशाची जी संदर्भ-पातळी ठरवली आहे ती दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम. रांगणाऱ्या मुलाचा तळहात घासकाम झालेल्या लादीवर एकदा टेकला आणि तोंडात गेला की हिशोब संपला. त्यात पोटात गेलेले शिसे लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या तुलनेत चार-पाच पट शोषले जाते, आणि अंगात लोह व कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. त्यामुळे 'मुलाने पोपडा खाल्ला तरच धोका' ही समजूत चुकीची आहे. पोपडा दिसतो, उचलून टाकता येतो. धूळ दिसत नाही.

शिसे रंगात घालत तरी का? सफेद्यातले शिसे रंगाला अंग देई आणि पावसात टिकवी. लेड क्रोमेटचा पिवळा स्वस्त, झळझळीत आणि एका हातात झाकणारा. त्यात निळा मिसळला की हिरवा, आणि त्याच घराण्यातले नारिंगी आणि तांबडे. शिवाय तेल लवकर सुकावे म्हणून शिशाचे क्षार ड्रायर म्हणून पडत. म्हणून संशयाचा क्रम ठरलेला आहे: पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा एनॅमल सर्वात वर. जुना पांढरा आणि क्रीम त्याखालोखाल. चुना आणि डिस्टेंपर यांचा सहसा प्रश्न नसतो, पण डिस्टेंपरखाली ऑइल पेंटचा जुना पट्टा असू शकतो. स्वयंपाकघर, जिना, शाळेची खोली, दवाखाना अशा ठिकाणी भिंतीला खालून चार-साडेचार फूट ऑइल पेंट मारण्याची पद्धत होती, तो हाच पट्टा.

लोखंडाच्या बाबतीत एक खूण लक्षात ठेवावी. जुन्या ग्रिलचा किंवा कठड्याचा वरचा रंग ओलसर करून सुरीच्या टोकाने थोडा उचकटला आणि खाली विटकरी-तपकिरी थर लागला, तर तो बहुधा रेड ऑक्साइड, म्हणजे लोखंडाचाच ऑक्साइड, गेरूचा भाऊबंद. पण खाली भगव्याकडे झुकणारा चकचकीत नारिंगी थर लागला तर तो रेड लेड असण्याची दाट शंका घ्यावी. रेड लेड म्हणजे दुसरेतिसरे काही नाही, आपला शेंदूर. मारुतीला लावतात तो अस्सल शेंदूर रासायनिकदृष्ट्या शिशाचा ऑक्साइडच आहे आणि गंज रोखण्यात त्याचा हात धरणारा प्रायमर त्या काळी नव्हता. ही खूण पुराव्याची नाही, चाचणी कुठे करायची ते सांगणारी आहे.

घर बघताना इमारतीच्या वयापेक्षा रंगाची अवस्था आणि जागा बघावी. ज्या पृष्ठभागावर दोन भाग एकमेकांवर घासतात तिथे रोज धूळ तयार होते, कुणी पत्री हातात न घेताही. खिडकीची झडप चौकटीला जिथे लागते ती कड, बिजागरीची बाजू, कपाटाची सरकती दारे, कडी-कोयंड्याभोवतीचा भाग. आपल्याकडे यात पावसाळ्याची भर पडते. लाकूड फुगते, दार चौकटीत अडकते, सुतार येतो आणि दार जागच्या जागी ठेवून रंधा मारतो. रंगासकट निघालेल्या त्या ढलप्या खोलीभर उडतात. दार बिजागरीतून उतरवून गच्चीवर किंवा अंगणात न्यावे, कडेवरचा रंग ओला करून मगच रंधा मारावा आणि घासणाऱ्या कडांना पुन्हा ऑइल पेंटचा जाड थर देऊ नये; तो पुढच्या पावसात पुन्हा घासणार.

मुलांच्या तोंडाच्या उंचीवरच्या गोष्टी वेगळ्या तपासाव्यात: खिडकीचे जोते, पाळण्याचे कठडे, झोपाळ्याच्या कड्या, जुन्या पत्र्याच्या कपाटाच्या कडा. आणि गॅलरीचे कठडे. १९०४ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी मुलांच्या शिसेबाधेचे मूळ घराच्या व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यांत आणि खोल्यांच्या रंगवलेल्या भिंतींत असल्याचे दाखवून दिले. उन्हाने रंग भुकटीसारखा होतो, कठड्याला टेकून खेळणाऱ्या मुलांच्या हाताला लागतो, नखे कुरतडताना पोटात जातो. गिरगावातल्या किंवा लालबागच्या चाळीची गॅलरी ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. रंगावर बोट फिरवून पाहावे. बोटाला पीठ लागले तर तो रंग आपला आपण धूळ सोडतो आहे.

रंग सुटत असेल तर आधी ओल शोधावी. छताची गळती, न्हाणीघराची पाझरणारी भिंत, खिडकीच्या जोत्यावर साचणारे पाणी. ओल तशीच ठेवून वर कितीही महाग रंग मारला तरी एका पावसात पोपडे येतात आणि जुना थर सोबत घेऊन पडतात.

आता चाचणी. बाजारात किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या, शिसे असले की रंग बदलणाऱ्या कांड्या पहिल्या चाळणीपुरत्या ठीक आहेत. त्यांची गफलत दोन ठिकाणी होते. कांडी वरच्या थरावरच घासली तर खालचे पाच थर तिला दिसत नाहीत, म्हणून धारदार कटरने लाकडापर्यंत तिरका छेद घेऊन सगळे थर उघडे करावे लागतात. आणि लाल रंगावर कांडी लाल झाली तर ते शिसे की रंग उतरला, हे कळत नाही. हातात धरायचे एक्स-रे फ्लुरोसन्स यंत्र सर्वात सोयीचे, सगळे थर न उखडता वाचते. सराफाच्या दुकानात सोन्याची शुद्धता बघणारे यंत्र याच तत्त्वावर चालते. पण सोन्यासाठी जुळवलेले यंत्र रंगासाठी चालत नाही, तेव्हा ओळखीच्या सराफाकडे दार घेऊन जाऊ नये.

बहुतेकांसाठी व्यवहार्य मार्ग प्रयोगशाळेचा. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या आणि रंगातील शिसे मोजणाऱ्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा. नमुना घेण्याची जागा दोन इंच बाय दोन इंच आखावी, फवाऱ्याने ओली करावी, खाली घडी घातलेला कागद चिकटवावा आणि धारदार पत्रीने सगळे थर लाकूड किंवा लोखंड दिसेपर्यंत काढावेत. लाकडाचा भुसा किंवा प्लास्टर सोबत गेले तर वजन वाढते आणि आकडा खोटा कमी येतो. पोपडे सुकवून घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत ठेवावेत, डबीवर खोली आणि जागा लिहावी. दार, ग्रिल आणि भिंतीचा पट्टा यांचे नमुने एकत्र करू नयेत. एकाचे शिसे दुसऱ्यात विरघळून जाते. उकरलेली जागा ओल्या फडक्याने पुसून लगेच बुजवावी. अहवालात 'एकूण शिसे, कोरड्या वजनावर, पीपीएममध्ये' असे मागावे. टक्क्यांत आला तर १०,००० ने गुणावे.

आकडा कसा वाचायचा? ९० च्या खाली असेल तर शिशाची चिंता नाही. अमेरिकेत जुन्या घरातील रंगाला 'शिसेयुक्त' म्हणण्याची रेषा ५,००० पीपीएम, म्हणजे अर्धा टक्का, किंवा यंत्राने मोजल्यास दर चौरस सेंटिमीटरला एक मिलिग्रॅम अशी आहे. त्याच्या वर आकडा असेल तर पुढे सांगितलेली पद्धत अक्षरशः पाळावी. पण ९० आणि ५,००० च्या मधल्या रंगालाही कोरडा पेपर लावू नये. ही रेषा कायद्यासाठी ओढलेली आहे. मुलाच्या पोटाला ती ठाऊक नसते. चाचणी परवडत नसेल किंवा वेळ नसेल, तर २०१७ पूर्वीचा प्रत्येक ऑइल पेंट शिशाचा धरून काम करावे. यात फार तर थोडे जास्त पाणी आणि एक दिवस जास्त लागेल.

रंग घट्ट बसलेला असेल, पोपडे नसतील, कुठे घासत नसेल, तर सर्वात चांगला उपाय म्हणजे त्याला न उखडणे. हे रंगाऱ्याला पटवायला कठीण जाते, कारण नव्या रंगाला जुन्या चकचकीत थरावर पकड मिळत नाही ही त्याची अडचण खरी आहे. उत्तर आहे ओला वॉटर पेपर. २२० किंवा ३२० नंबरचा वॉटर पेपर, पाण्यात बुडवलेला, चकाकी मोडेपर्यंत हलक्या हाताने. पांढरे पाणी वाहू न देता लगेच फडक्याने टिपायचे, फडके बादलीत खळबळायचे. लाकूड पूर्ण सुकायला दिवस-दीड दिवस द्यायचा, मग प्रायमर. इथे घाई केली तर लाकडातली ओल नव्या रंगाखाली फोड आणते आणि मग 'पाण्याने घासल्यामुळे काम बिघडले' असा निष्कर्ष निघतो. लोखंडाचे उलटे आहे. ग्रिल ओले घासले की तासा-दोन तासांत गंजाची तांबूस साय येते, म्हणून लगेच कोरडे पुसून त्याच दिवशी प्रायमर लावायचा.

भिंतीचा पट्टा फार खराब असेल तर त्यावर प्लायवुड, सिमेंट शीट किंवा टाइल घालून तो बंद करणे उखडण्यापेक्षा चांगले. कडा सिलिकॉनने बंद कराव्यात आणि आत काय आहे ते सोसायटीच्या नोंदवहीत लिहून ठेवावे, नाही तर दहा वर्षांनी कुणी नळ फिरवायला तिथेच ड्रिल घालतो. खिडक्या सडल्या असतील तर चौकटीसह बदलणे खर्चिक, पण कायमचे.

आणि जेव्हा उखडावेच लागते तेव्हा? तयारीत निम्मे यश आहे. सामान खोलीबाहेर, जे निघत नाही ते प्लास्टिकखाली. जमिनीवर १५० मायक्रॉनचे प्लास्टिक (दुकानात ६०० गेज म्हणून मागावे) दोन थरांत, कामाच्या जागेपासून निदान सहा फूट, कडा चिकटपट्टीने भिंतीला. दहा बाय बाराच्या खोलीत याचा अर्थ अख्खी खोली. पातळ प्लास्टिक घेऊ नये. शिडीच्या पायाखाली ते पहिल्याच तासात फाटते. पंखा आणि एसी बंद, एसीवर आच्छादन. दारावर प्लास्टिकचा पडदा. मुले आणि गरोदर स्त्रिया शेवटची सफाई होईपर्यंत त्या घरात नकोत. एका खोलीच्या घरात हे जड जाते, म्हणून नातेवाइकांकडे जायचे ते दोन दिवस काम ठरवतानाच निश्चित करावेत. चाळीत सामाईक गॅलरीचे काम असेल तर आदल्या दिवशी सगळ्या बिऱ्हाडांना सांगावे: पाण्याचे पिंप आत, वाळत घातलेले कपडे आत, पापड-कुरडयांचे वाळवण आत, दारे बंद. शेजाऱ्याच्या पिंपात पडलेला पोपडा हा रंगकामाचा भाग नव्हे.

पाणी मारण्यासाठी झाडांवर मारायचा साधा फवारा पुरतो. पाण्यात भांड्यांच्या द्रव साबणाचे चार थेंब टाकले की पाणी रंगावरून ओघळत नाही, आत शिरते. हातभर जागा ओली करायची, दोन मिनिटे थांबायचे, पत्रीने खरवडायचे, पुन्हा ओली करायची. धूळ दिसली म्हणजे पाणी कमी पडले. स्विचबोर्डाजवळ काम करण्यापूर्वी मेन स्विच बंद.

चार गोष्टी मात्र अजिबात नकोत. ब्लोलॅम्पने रंग जाळणे पहिली. ज्योतीच्या उष्णतेने शिशाची वाफ आणि अतिसूक्ष्म धूर होतो, तो मास्कच्या बाजूने फुप्फुसात आणि उघड्या खिडकीतून वरच्या मजल्यावर जातो. दुसरी, ग्राइंडरला तारेचा ब्रश किंवा सँडिंग डिस्क लावून ग्रिल साफ करणे. काम दहा मिनिटांत होते आणि धूळ इतकी बारीक होते की तासन्‌तास तरंगते. तिसरी, कोरडा पेपर. चौथी, बंद खोलीत मेथिलीन क्लोराइडचा पेंट रिमूव्हर. तो शिसे उडवत नाही हे खरे, पण त्याच्या वाफेने माणूस बेशुद्ध होऊन दगावू शकतो. अमेरिकेने घरगुती ग्राहकांना त्याची विक्री २०१९ मध्ये बंद केली. हीटगन वापरायचीच असेल तर रंग मऊ होऊन फुगेल इतक्याच तापमानावर; रंग काळा पडू लागला की मर्यादा ओलांडली. कॉस्टिक सोड्याच्या हौदात दारे-ग्रिल बुडवणारे कारखाने आहेत, त्यांचा गाळ शिशाचाच असतो. घरी हा प्रयोग करून ते पाणी मोरीत ओतू नये.

काम करणाऱ्यासाठी तोंडाला बांधलेला रुमाल आणि सर्जिकल मास्क निरुपयोगी. अर्ध्या चेहऱ्याचा, पी-१०० गाळणीचा (सूक्ष्म धूळ जवळजवळ पूर्ण अडवणारा) मास्क हवा. ओल्या आणि थोड्या कामाला निदान घट्ट बसणारा एन-९५. पण खरी वाट हाताची आहे. रंगाने माखलेल्या तळहातावर तंबाखू मळून दाढेखाली धरणे म्हणजे शिसे जिभेखाली ठेवणे. बिडी, चहा, डबा, सगळे साबणाने हात-तोंड धुतल्यावर आणि कामाच्या जागेबाहेर. कामाचे कपडे तिथेच बदलून पिशवीत बांधून न्यावेत आणि घरी वेगळे धुवावेत. धूळ भरलेल्या सदऱ्याने बापाने मुलाला उचलून घेतले की दुसऱ्याच्या घरातले शिसे त्याच्या घरात पोचते. हा भाग रंगाऱ्याच्या जबाबदारीचा म्हणून सोडून देऊ नये; हात धुवायला पाणी, साबण आणि कपडे बदलायला आडोसा देणे हे काम करून घेणाऱ्याचे काम आहे.

सफाईला केरसुणी आणि घरचा व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही बाद. साध्या व्हॅक्यूमची पिशवी सूक्ष्म धूळ मागच्या बाजूने परत खोलीत फेकते. हेपा गाळणीचा, म्हणजे सूक्ष्म धूळही अडवणारा व्हॅक्यूम भाड्याने मिळाला तर उत्तम, नाही तर तीन बादल्या. पहिलीत डिटर्जंटचे पाणी, दुसरी फडके पिळायला, तिसरीत खळबळायला स्वच्छ पाणी. वरून खाली, आतून दाराकडे. भिंत, जोते, चौकटीची खाच, मग जमीन. पाणी गढूळ झाले की बदलायचे; त्याच पाण्याने पुसत राहणे म्हणजे शिसे सगळीकडे सारखे वाटणे. त्याआधी प्लास्टिकवर पाणी फवारून ते आतल्या बाजूला गुंडाळायचे, चिकटपट्टी लावून दोन पिशव्यांत भरायचे. तासभर थांबायचे, कारण तरंगणारी धूळ तोवर खाली बसते, आणि मग पुन्हा एकदा पुसायचे. शेवटी पांढरे ओले कापड जोत्यावरून आणि लादीवरून फिरवावे. करडे झाले तर पुन्हा. हे डोळ्यांचे प्रमाणपत्र आहे, प्रयोगशाळेचे नाही. अमेरिकेत जमिनीवरच्या धुळीतील शिशाची मर्यादा २००१ मध्ये चौरस फुटाला ४० मायक्रोग्रॅम होती, २०१९ मध्ये १० वर आणली, २०२४ मध्ये ५ वर. इतके शिसे कापडावर दिसत नाही. घरात रांगते मूल असेल आणि काम मोठे झाले असेल तर एक फूट बाय एक फूट जागा पुसलेला नमुना प्रयोगशाळेकडे पाठवणे शहाणपणाचे.

पोपडे आणि जुनी दारे यांचे काय करता हे घासण्याइतकेच महत्त्वाचे. पोपडे कुंडीत, तुळशीच्या वृंदावनात किंवा गटारात टाकू नयेत. रंगाचे रिकामे डबे घरगुती घातक कचरा म्हणून वेगळे द्यायचे असतात. पोपड्यांची बंद पिशवीही त्यांच्यासोबत वेगळी द्यावी. पाडलेल्या चाळींची आणि वाड्यांची दारे भंगारात जातात आणि त्यातले जे पुन्हा विकण्याजोगे नसते ते जळते: पाण्याच्या बंबात, भट्टीत, चुलीत, होळीत. जळताना थोडे शिसे धुरातून जाते आणि बरेचसे राखेत उरते. ती राख पुढे भांडी घासायला किंवा परसातल्या वांग्या-मिरच्यांना. रंगवलेले लाकूड कोणत्याही जाळात घालू नये, होळीच्या तर नाहीच.

नवा रंग घेताना डब्यावर शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नाही असा मजकूर, उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख पाहावी. चोरवाट इथे आहे: २०१६ चे नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांना लागू आहेत, औद्योगिक रंगांना नाहीत. फॅब्रिकेटर ग्रिल किंवा गेट बनवून रंगवूनच पाठवतो आणि त्याच्याकडचा डबा यंत्रसामग्रीसाठीचा, सुटा, बिनलेबलचा असू शकतो. ऑर्डर देतानाच 'प्रायमर लावून द्या, रंग आम्ही देतो' असे सांगावे, आणि प्रायमरही डबा बघूनच.

रक्ततपासणीविषयी थोडक्यात. मूल हसतेखेळते दिसते म्हणून शिसे नाही असे होत नाही. पोटदुखी, बद्धकोष्ठ, फिकेपणा ही लक्षणे उशिरा येतात आणि कित्येकदा येतच नाहीत. घरात कोरडे घासकाम झाले असेल आणि सहा वर्षांखालचे मूल किंवा गरोदर स्त्री तिथे राहत असेल तर डॉक्टरांना सांगून रक्तातील शिसे तपासून घ्यावे. नमुना शिरेतून घ्यावा, बोट टोचून घेतल्यास त्वचेवरचीच धूळ मोजली जाऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार रक्ताच्या डेसिलिटरला (१०० मिलिलिटरला) ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आढळल्यास स्रोत शोधून बंद करायचा. मुलांना शिसे बाहेर काढणारी औषधे साधारण ४५ च्या पुढे, रुग्णालयाच्या देखरेखीखाली. मूल त्याच धुळीत परत जाणार असेल तर औषधाचा उपयोग नाही. नाचणी, डाळी, पालेभाज्या, लिंबू यांनी शोषण कमी व्हायला मदत होते, आत गेलेले शिसे निघत नाही. आणि 'रक्तशुद्धी'साठी परस्पर भस्मे देऊ नयेत; नागभस्मातला नाग म्हणजे शिसेच.

१९९८-९९ च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई आणि दिल्लीतील तीन वर्षांखालच्या मुलांच्या रक्तातले शिसे मोजले गेले होते. तेव्हा पेट्रोलमध्येही शिसे होते. २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, हवा सुधारली. दारावरचे शिसे मात्र होते तिथेच आहे.

सोसायट्या, घरमालक, म्हाडा, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि नगरपालिका यांच्या रंगकामाच्या अंदाजपत्रकात 'जुना रंग खरवडून काढणे' हे बहुधा एका ओळीचे कलम असते, दर चौरस मीटरला. त्या दरात ओले काम बसत नाही, म्हणून कंत्राटदार ते करत नाही. त्याला दोष देण्यापूर्वी कलम बदलावे. मजकूर साधा असू शकतो: 'जुना तैलरंग असलेल्या पृष्ठभागावर कोरडे घासकाम, यंत्राने घासकाम व ज्योतीने रंग जाळणे यांस मनाई आहे. काम ओल्या पद्धतीने, १५० मायक्रॉन प्लास्टिकच्या आच्छादनावर करावे. रोज काम संपल्यावर ओली सफाई करावी व कचरा बंद पिशव्यांत हलवावा. कामगारांना मास्क, साबण व पाणी कंत्राटदाराने पुरवावे.' यासाठी वेगळा दर द्यावा, आणि आच्छादन व सफाई पाहिल्याशिवाय बिल मंजूर करू नये. एक प्रयोगशाळेचा अहवाल अख्ख्या इमारतीच्या एकसारख्या रंगवलेल्या दारांसाठी चालू शकतो, त्यामुळे चाचणीचा खर्च घरागणिक फार पडत नाही.

शाळा आणि अंगणवाड्यांसाठी एवढेच. दिवाळीच्या सुट्टीत बाके, फळ्यांच्या चौकटी आणि भिंतीचे पट्टे घासून रंगवले जातात, कित्येकदा सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात. काम सुट्टीच्या पहिल्या दोन दिवसांत सुरू करावे, घासकाम ओले करावे, आणि वर्ग भरण्यापूर्वी बाकांच्या खालच्या बाजू, खिडक्यांची जोती आणि जमीन दोनदा ओल्या फडक्याने पुसून घ्यावीत. मैदानातले घसरगुंडी आणि झोके याच यादीत धरावेत. त्यांचा रंग पिवळा, लाल आणि हिरवाच असतो, आणि त्यांच्याखालची माती वरवर दोन इंच काढून नवी टाकावी.

आपले नम्र,
जुन्या इमारतींच्या दुरुस्ती व रंगकाम क्षेत्रातील काही वाचक,
मुंबई